फेर्मीनच्या जवातलं बेट

"बांधायला किती वेळ लागला?" माणिकताईंनी विचारलं.

"सात मिनिटं," मी म्हणालो.

"मग सोडायला पाच धर. नऊ वाजले की सोडायचं आणि भायेर यायचं. फोटो मिळू दे न्हाईतर न मिळू दे. मला परत सांगायला लावू नको, चिदा."

जवाच्या शेताच्या कडेला उभं राहून आम्ही कुजबुजत होतो. कडेपासून साठ-सत्तर पावलांवर, जमिनीवरच, भोवत्या नावाच्या शिकारी पक्ष्याचं घरटं होतं आणि त्यात आठ दिवसांची चार पिल्लं होती. घरट्यापासून दहा हातांवर माझं कापडी लपण, म्हणजे आत बसून फोटो काढायचा छोटा तंबू, उभं केलेलं होतं. मधल्या जवाच्या काड्या कॅमेऱ्याच्या आड येत होत्या, म्हणून त्या दोन्ही बाजूंना वाकवून चार ठिकाणी सुतळीनं बांधायची परवानगी ताईंनी मला दिली होती, तीही नाइलाजानं. सकाळी सहा ते नऊ, एवढीच. नऊनंतर ऊन चढतं आणि उघड्या जमिनीवरच्या पिल्लांना त्या काड्यांचीच काय ती सावली असते.

हे स्पेनमधल्या एस्त्रेमादुरा भागातलं वाल्देरोमेरो नावाचं खेडं. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. दक्षिण युरोपातल्या स्थलांतरित पक्ष्यांचे फोटो काढायला मला एका संस्थेनं चार महिन्यांची शिष्यवृत्ती दिली होती. ग्रीसमधले झोळीवाले पेलिकन झाले, फ्रान्सच्या मिठागरातले रोहित झाले, समुद्रधुनी ओलांडून आफ्रिकेतून येणारे करकोचे झाले. एका रानमांजरासाठी नऊ दिवस झुडपात बसलो आणि त्याची फक्त शेपटी मिळाली. शेवटचा मुक्काम हा, भोवत्याचा.

भोवत्याचं वेड मला लहानपणापासूनचं. आमच्या सोलापूरच्या माळावर हा पक्षी हिवाळ्यात येतो, गवतावरून हातभर उंचीवर तरंगत टोळ शोधत फिरतो आणि उन्हाळा लागला की निघून जातो. आमच्याकडे येणारे मध्य आशियातून येतात, इथले आफ्रिकेतून. पण पक्षी तोच. त्याचं घरटं मात्र आमच्या माळावर कधी बघायला मिळत नाही. पस्तीस वर्षं वनखात्यात काढलेल्या माझ्या वडिलांनीही ते पाहिलं नव्हतं. मला ते पाहायचं होतं आणि खरं सांगायचं तर जगाला दाखवायचं होतं.

माणिकताई मूळच्या बार्शीच्या. संशोधनाला म्हणून इकडे आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. पन्नाशी उलटली, स्पॅनिश पाण्यासारखं बोलत, पण माझ्याशी बोलताना बार्शीच्या बाहेर एक पाऊल टाकत नसत. त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण होतं. भोवत्या उभ्या पिकात घरटं करतो, आणि पिल्लं उडायच्या आधीच पीक कापणीला येतं. हार्वेस्टर फिरला की घरटं गेलं. म्हणून ताई घरटी शोधायच्या आणि शेतकऱ्याच्या हातापाया पडून घरट्याभोवती दहा-दहा पावलं पीक कापू नका म्हणायच्या. सगळं शेत कापून झालं की मधे तेवढं बेट उरायचं.

ह्या शेताचे मालक फेर्मीन. चौऱ्याहत्तर वर्षांचे, विधुर, एकटेच राहणारे. आठ वर्षं त्यांनी ताईंना दारातूनच परत पाठवलं होतं. भोवत्ये ट्रॅक्टरच्या आधीपासून आहेत आणि ट्रॅक्टरनंतरही राहतील, त्यांची काळजी मला शिकवू नकोस, असं म्हणायचे. ह्या वर्षी ताईंनी काही न बोलता दुर्बीण त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. मादी चोचीनं टोळाचे तुकडे करून एकेका पिल्लाला भरवत होती. म्हाताऱ्यानं अर्धा तास दुर्बीण सोडली नाही आणि शेवटी 'बरं' म्हटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते ट्रॅक्टर घेऊन यायचे, लांब थांबायचे आणि 'माझी काय म्हणतात?' असं विचारायचे. गावातले बाकीचे शेतकरी हे सगळं बघत होते. फेर्मीन सोडतो तर आम्हीही सोडू, असं चौघांनी ताईंना सांगितलं होतं. ते चार जण हो म्हणाले तर त्या खोऱ्यातली निम्मी घरटी वाचणार होती.

आदल्याच दिवशी त्यांनी शेत कापून घेतलं होतं. ठरलेली दहा पावलं त्यांनी सोडली नाहीत, सात सोडली. ओंब्या भरलेल्या बघून शेवटच्या फेरीला हात आवरला नाही, असं त्यांनी स्वतःच ओशाळून कबूल केलं. ताईंच्या कपाळाला आठी पडली, पण पहिलंच वर्ष आहे, सातही पुरतील, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

त्या सकाळी ताई मला लपणापर्यंत पोचवून, मुद्दाम पाय आपटत परत गेल्या. दोन माणसं आली आणि एक गेलं, एवढा हिशेब पक्ष्याला जमत नाही. त्याला वाटतं, गेली माणसं. मग त्या शेजारच्या गावाला निघून गेल्या, तिथं एका शेतात हार्वेस्टर शिरत होता. म्हणजे नऊ वाजता मला न्यायला कुणी येणार नव्हतं.

मादी आणि चारही पिल्लं एका चौकटीत यावीत म्हणून मी तीन दिवस झटत होतो. कधी एक काडी आड यायची, कधी उजेड मागून यायचा. त्या दिवशी सगळं जमून आलं. आभाळावर पातळ ढग होता, त्यामुळे उजेड मऊ होता. साडेआठला मादी उतरली आणि पंख अर्धे उघडे ठेवून उभी राहिली. चारही पिल्लांनी एकदम माना वर केल्या. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले फोटो मी त्या वीस मिनिटांत काढले.

नऊ वाजले. मादी उडाली. मी लपणाबाहेर आलो आणि पहिल्या सुतळीला हात घातला.

मग थांबलो. आता ह्या चार गाठी सोडायच्या, म्हणजे पाच मिनिटं घरट्याशी वावरायचं. उद्या सकाळी पुन्हा बांधायच्या, म्हणजे आणखी सात. त्यापेक्षा तशाच राहू दिल्या तर पक्ष्यांना त्रास कमी. आणि आभाळ तर आलेलंच आहे. असं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला चक्क पटलं. खरी गोष्ट एवढीच होती की चौकट जमली होती आणि ती मोडायचा मला धीर होईना. मी तसाच निघून आलो. खोलीवर येऊन फोटो बघितले, पोटभर खाल्लं आणि खिडक्या लावून झोपलो.

ढग अकराच्या सुमाराला विरून गेला होता. त्या दिवशी एक्केचाळीस अंश झाले.

संध्याकाळी सहा वाजता मी शेतावर पोचलो. ताईंची गाडी आणि मागून फेर्मीनचा ट्रॅक्टर कच्च्या रस्त्यानं येताना दिसत होता. मी पुढे गेलो. बेटाच्या आत शिरलो आणि मला दिसलं.

तीन पिल्लं मेली होती. माझ्या बांधलेल्या फटीतून पश्चिमेचं ऊन थेट घरट्यावर पडत होतं. चौथं पिल्लू सरकत सरकत एका न बांधलेल्या झुबक्याखाली गेलं होतं आणि चोच उघडी टाकून धापा टाकत होतं. मादीनं पंख पसरून सावली धरली असणार, जमेल तितका वेळ. मग चौघांच्या भुकेसाठी तिला कधीतरी उडावं लागलं असेल.

त्यानंतर मी जे केलं ते मी अजून कुणालाही नीट सांगितलेलं नाही. मी हाक मारली नाही. मी खाली बसलो आणि चारही सुतळ्या सोडल्या. काड्या हातानं उभ्या केल्या, सुतळ्या खिशात कोंबल्या. मग उभा राहून ताईंना हात केला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

फेर्मीन ताईंच्या मागोमाग आत आले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, बेटाच्या कडेला गेले आणि घरट्याकडे तोंड करून पावलं टाकायला लागले. सात झाली. ते तिथंच उभे राहिले. कापलेल्या शेतावरून गरम वारा भट्टीसारखा येत होता. ते ताईंना काहीतरी म्हणाले. ताईंनी मला त्याचं मराठी करून सांगितलं नाही, पण मला कळलं. तीन पावलं, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले.

ताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या काड्यांकडे बघत होत्या. दिवसभर वाकवून ठेवलेली काडी हातानं उभी केली म्हणून सरळ होत नाही. कमरेत मोडलेल्या माणसासारखी ती एका बाजूला झुकलेलीच राहते. दोन्ही बाजूंच्या काड्या तशा झुकल्या होत्या. ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. जिवंत पिल्लू त्यांनी सावलीत घरट्यात ठेवलं, मेलेली उचलली, आणि आम्ही लांब जाऊन थांबलो. अर्ध्या तासानं मादी उतरली.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "कितीला सोडलंस?"

"सोडलं नव्हतं, ताई."

त्यांनी गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिल्या. मी म्हणालो, मी आत्ता जाऊन त्यांना सांगतो. त्यांना वाटतंय त्यांच्यामुळं झालं.

"वाटू दे."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"वाटू दे म्हणलं," ताई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तो म्हातारा दहाच्या जागी वीस पावलं सोडंल. त्याचं बघून गाव सोडंल. तू सांगितलंस तर काय हुईल? आमच्या लोकांनीच पिल्लं मारली, हे गावभर हुईल. आठ वर्षं घातली मी ह्यात. तू सांगून मोकळा हुशील, रे. तुझं ओझं पाखरांवर पडंल."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. मी फेर्मीनकडे गेलो नाही. त्या रात्री मला वाटलं, हीच माझी शिक्षा आहे, गप्प राहायची. आणि शिक्षा मिळाली म्हटल्यावर थोडं बरंही वाटलं. माणूस कशानंही स्वतःचं समाधान करून घेतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फेर्मीननी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. संध्याकाळच्या बसनं मी निघणार होतो. जायची माझी अजिबात इच्छा नव्हती, पण ताई म्हणाल्या, न गेलास तर त्यांना आणखी लागंल.

त्यांचं घर एका खोलीचं म्हणावं असंच होतं, बाकीच्या खोल्या बायको गेल्यापासून बंद होत्या. त्यांनी टेबलावर धुतलेला कपडा घातला होता. मी मांस खात नाही हे ताईंनी कधीतरी सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. इकडे मसुराच्या आमटीत डुकराचं मांस घालतात. त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात नुसती आमटी केली होती, आणि ती पळीसुद्धा वेगळी आहे हे मला दोनदा दाखवलं.

आम्ही जेवायला लागलो. ते स्वतः जेवेनात. थोड्या वेळानं चमचा बाजूला ठेवून ते माझ्याकडे वळून बोलायला लागले, हळू, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. मध्येच अडलं की ताईंकडे बघायचे आणि ताई ताटात बघत त्याचं मराठी करायच्या.

"ते म्हणायलेत, तू एवढ्या लांबून आलास." ताई थांबल्या. "तुझ्या देशात ह्यांची पिल्लं बघायला मिळत न्हाईत म्हणून आलास. आणि त्यांच्या हावरेपणापायी तुला ती उडताना बघता आली न्हाईत. त्यांना माफ कर म्हणायलेत."

मला ताटातलं काही दिसेना. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस माझी माफी मागत होता आणि मी त्याची आमटी खात होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, नंतरही वाटलेली नाही.

माझं स्पॅनिश बाजारात टोमॅटो मागण्यापुरतं होतं. मी म्हणालो, "तुम्ही नाही. मी." ते मान हलवायला लागले, त्यांना वाटलं मी शिष्टाचारानं बोलतोय. "नाही. मी," मी पुन्हा म्हणालो. 'बांधणं' ह्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून दाखवली, मग काड्या दोन बाजूंना वाकवतो तसं हातानं केलं, मग वर बोट करून सूर्य म्हणालो. "मी सोडलं नाही. दिवसभर. आणि तुम्ही आलात तेव्हा लपवलं."

"चिदा," ताई म्हणाल्या, एवढंच.

फेर्मीनच्या चेहऱ्यावर राग आला नाही. मला वाटलं होतं, येईल. आला असता तर सोसला असता. त्यांनी ताईंकडे तोंड वळवलं.

"तुला माहीत होतं?" एवढं स्पॅनिश मला येत होतं.

ताई हो म्हणाल्या.

"कालपासून?"

"हो."

मी इतका वेळ फक्त माझ्या आणि त्यांच्या मधलं बघत होतो. ताईंचं काय होईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हाताऱ्याला पिल्लांचं दुःख होतंच, पण त्याला रडताना बघून आपल्या माणसानं गप्प राहावं, हे त्याला लागलं. ते खुर्चीत बसून राहिले. माझ्या ताटात आमटी उरली होती. त्यांनी मला खुणेनं सांगितलं, संपव. मी ती संपवेपर्यंत ते थांबले, पाहुणा जेवताना यजमान थांबतो तसे. मग उठून त्यांनी दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं की ह्यापुढे त्यांच्या जमिनीवर कुणी पाय ठेवायचा नाही. मी नाही, ताई नाहीत, पाखरांचं नाव घेणारं कुणीच नाही.

ताईंनी मला बसथांब्यावर सोडलं. बॅग उतरवून दिल्यावर म्हणाल्या, "हलकं वाटायलंय का आता?"

खोटं बोलायचं आता जिवावर आलं होतं. मी हो म्हणालो.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि गाडी वळवली.

वाचलेलं पिल्लू उडालं की नाही, हे कळायला काही मार्ग उरला नाही. त्या सकाळचे फोटो मी संस्थेला दिले नाहीत, आजवर कुणालाही दाखवलेले नाहीत. पुढच्या वर्षी जूनमध्ये ताईंची एका ओळीची मेल आली: 'यंदा वाल्देरोमेरोत चार घरटी यंत्राखाली गेली. चौघंही नाही म्हणाले.' त्याच्या पुढच्या वर्षी 'तीन'. मग तेही बंद झालं. खरं बोललो ते बरोबर केलं की चूक, हे मी कितीदा उलटसुलट करून बघितलं. म्हाताऱ्याच्या मानेवरचं ओझं काढायला हवंच होतं, ह्यात मला शंका नाही. पण सात घरट्यांत पंचवीस तरी पिल्लं असतील, आणि त्यांना माझ्या खरेपणाशी काही देणंघेणं नव्हतं. हे दोन्ही एकदम खरं आहे, आणि त्यातलं एक दुसऱ्यानं पुसता येत नाही.

बारा वर्षं गेली. गेल्या मे महिन्यात एका सकाळी फोन वाजला.

"चिदा का?"

आवाज थकला होता, बार्शी तशीच होती. फेर्मीन हिवाळ्यात गेले, ताई म्हणाल्या. त्यांची मुलगी कोन्सुएलो शहरातून शेत बघायला आली. पीक उभं होतं, म्हणून तिनं नेहमीच्या हार्वेस्टरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, खालचा अर्धा एकर सोडून कापतो. का, तर तिथं जमिनीत दगड आहेत, पाती मोडतील. तुमचे वडील बारा वर्षं मला तिकडे फिरकू देत नव्हते, दर वर्षी यंत्रापुढे स्वतः चालत येऊन इथवरच म्हणून उभे राहायचे. कोन्सुएलोला त्या शेतात दगड असल्याचं आठवेना. ती बघायला गेली. दगड नव्हते. जवातून एक पक्षी उठला, मग दुसरा. तिनं कुणाकुणाला विचारून ताईंचा नंबर काढला.

"दोन घरटी हायत," ताई म्हणाल्या. "एकात पाच अंडी. कोन्सुएलो म्हणती, दर वर्षी असणार." मग त्यांनी नाक ओढलं. "बारा वर्षं मी त्या रस्त्यानं जायलेय, चिदा. गाडी हळू केली की म्हातारा काठी घेऊन उठायचा. मला वाटायचं, माझ्यावरचा राग काढायलाय."

मी फोन कानाला लावून खिडकीपाशी गेलो.

"पिल्लं हुतील जूनमधी," थोड्या वेळानं त्या सावरून म्हणाल्या. "कोन्सुएलो हो म्हणालीय. तू ये. लपण लांब लावू, काही बांधायचं न्हाई, काही न्हाई. तुझं राहिलंय ते काढून घे."

मला जायचं होतं. हे लिहितानाही जायचं आहे.

"नको, ताई," मी म्हणालो. "फेर्मीननी आपल्याला येऊ दिलं नव्हतं."



"व्हय," ताई म्हणाल्या. "मी बी आत न्हाई जात आता. रस्त्यावरनंच बघीन."